धारेचं लुगडं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं जी चूक सांगायची आहे ती बरीचशी त्यामुळंच घडली, म्हणून आधी सांगून टाकते. आणखी एक, मी शाळा तेलुगूतून शिकले. मराठी घरात बोलत आले, पण वाचायला-लिहायला फार उशिरा लागले. तेव्हा कुठं अडखळले तर सांभाळून घ्या.

आमचा तबेला हैदराबादेत, चिक्कडपल्लीत आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीच्या टोकाला. माझे पणजोबा मराठवाड्यातून दोन म्हशी हाकत पायी इथं आले. त्या वेळी आमचं गाव आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं, त्यामुळं आपण परक्या मुलखात चाललोय असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी ही जागा घेतली तेव्हा आजूबाजूला भाताची खाचरं होती आणि म्हशी दुपारी हुसेनसागर तलावाच्या पाण्यात जाऊन डुंबायच्या, असं बाबा सांगतात. बाबांनी हे पाहिलेलं नाही. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, आणि बाबा मात्र स्वतः पाहिल्यासारखं सांगतात.

आता चारी बाजूंना पाच-पाच मजल्यांच्या इमारती आहेत. मध्ये आमचं पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, दगडी गव्हाणी आणि आठ म्हशी. मागच्या बाजूला आणखी एक गोठा आहे, तो काकांच्या वाट्याचा, बरीच वर्षं रिकामा. म्हशी आता नळाच्या पाइपखाली अंघोळ करतात आणि ती अंघोळ बघायला वरच्या गॅलऱ्यांत माणसं येतात. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर एक लहान मुलगी आहे. ती जेवत नसली की तिची आई तिला कठड्याशी आणते आणि म्हणते, "बर्रेनी चूडू," म्हणजे म्हैस बघ. मुलगी म्हैस बघत बघत ताट संपवते. आमच्या म्हशींनी गल्लीतली निदान तीन पोरं अशी वाढवली आहेत.

आमच्याकडं दूध घेण्याची रीत पहिल्यापासून एकच. ज्यानं-त्यानं आपला गंज, म्हणजे दुधाचं पातेलं, घेऊन यायचं, उभं राहायचं, आणि डोळ्यांसमोर धार काढून घ्यायची. पणजोबा नवीन होते, त्यांची भाषा इथं फारशी कुणाला कळत नव्हती. दुधात पाणी नाही हे तोंडानं कसं सांगणार? म्हणून त्यांनी गिऱ्हाइकालाच म्हशीजवळ उभं केलं. ते तसंच चालत आलं. लोक उभे राहतात आणि उभे राहिले की बोलतात. कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाला खोकला झालाय, पाणी किती वाजता येणार, सगळं आधी आमच्या अंगणात कळतं.

एवढं सगळं असून मला धार काढता येत नव्हती.

ते आईमुळं. आईनं मला गोठ्यात बसूच दिलं नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना म्हशीच्या पारडाला मिठी मारून शाळेत गेले होते आणि वर्गातल्या मुलींनी नाक धरलं होतं. मी रडत घरी आले. त्या दिवसापासून शाळेत निघायच्या आधी आई माझे हात कोपरापर्यंत साबणानं घासायची, दोनदा. "तू पुस्तक धर. म्हशीचे सड धरायला मी आहे," असं म्हणायची. मी पुस्तक धरलं. कॉलेजात आम्हाला आपल्या भागातल्या जुन्या वास्तूवर प्रकल्प लिहायला सांगितला, तेव्हा बाकीच्यांनी चारमिनार, गोलकोंडा घेतलं. मी बराच वेळ घुटमळले आणि आमचा तबेला लिहिला. मॅडमना तो आवडला. पण त्यांनी विचारलं, "एका म्हशीची धार काढायला किती वेळ लागतो?" आणि मला उत्तर आलं नाही. घरी येऊन आईला विचारलं.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी काका कुकटपल्लीहून आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. तिकडं एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आहेत, पाचव्या मजल्यावर राहतात. येताना केळी आणली होती. पेंडीच्या पोत्यावर बसले आणि बराच वेळ म्हशींकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, एक बिल्डर आलाय माझ्याकडं. दोघांची जागा एकत्र मागायलाय. तुला दोन फ्लॅट, मला दोन."

"अन् खाली?" बाबांनी विचारलं.

"खाली पार्किंग."

"म्हणजे म्हशींच्या जागी मोटारी बांधायच्या."

"त्यांना वैरण लागत नाही," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला हौस नाही रे. पण वहिनीच्या कंबरेकडं बघवत नाही. किती वर्षं अजून उकिडवं बसायचं तिनं?"

आई आतून म्हणाली, "बसते मी, अन् कंबर तुमची दुखायली का, भाऊजी?"

"तुमची दुखत नाही का?"

त्याच सकाळी आई म्हशीखालून उठताना खांब धरून उठली होती, हे बाबांनी आणि मी पाहिलं होतं.

बाबा केळं सोलत राहिले. ते खाल्लंही नाही, नुसतं सोलून हातात धरलं. मी दाराशी उभी होते. मी म्हणाले, "काका, गल्लीतल्या लोकांनी मिळून सांभाळला तर?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी पुढचं वाक्य विसरले.

खरं तर वाक्य माझं नव्हतंच. ते टीचरअम्मांचं होतं. टीचरअम्मा म्हणजे समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. रोज सकाळी पितळी चरवी घेऊन येतात, चाळीस वर्षांत चरवी बदललेली नाही. माझा प्रकल्प त्यांनी वाचला होता आणि म्हणाल्या होत्या, हा तबेला तुमच्या घराचा आहे तेवढा गल्लीचाही आहे, गल्लीनं भार उचलायला हवा. वैरण, साफसफाई पाळीपाळीनं करायची. मागचा रिकामा गोठा झाडून मुलांना बसायला, वाचायला द्यायचा. पणजोबांच्या काळच्या धारेच्या कासंड्या, घागरी, घंटा तिथंच मांडायच्या. म्हशी तुमच्या, अंगण सगळ्यांचं. हे मी कसंबसं काकांना सांगितलं.

काकांनी नीट ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. मग म्हणाले, "लोक सह्या करतील गं. सही करायला काय जातंय? पण कोपऱ्यावर दुधाचं पाकीट मिळतंय. आणायचं, फ्रिजात टाकायचं, निवांत झोपायचं. पहाटे गंज घेऊन उभं कोण राहणार? हौशीनं चार दिवस राहतील, एक दिवस उशीर झाला की सगळे पाकिटाकडं. अन् तुझ्या आईनंतर म्हशीखाली बसणार कोण?"

दोन्ही प्रश्न मी मनात लिहून ठेवले.

"असं कर," काका उठत म्हणाले, "पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी धारेच्या वेळेला येतो. बघतो डोळ्यांनी. तोवर बिल्डरला काही सांगत नाही."

मग आमची धावपळ सुरू झाली. टीचरअम्मांनी तेलुगूत चिठ्ठी लिहिली, मी मराठीत, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलवाल्या चाचांनी उर्दूत. चाचांचा चहा पहिल्यापासून आमच्याच दुधावर चालतो, त्यामुळं त्यांनी चिठ्ठीत आमच्या म्हशींचं एवढं कौतुक केलं की वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "हे आपल्याच म्हशींबद्दल आहे ना?" आम्ही घरोघर गेलो. बावीस घरांनी येतो म्हणून सांगितलं. त्यांतली काही वर्षानुवर्षं येणारीच होती, काही पाकिटवाली. एका घरात रात्रपाळी करणारा संगणकवाला मुलगा राहतो. तो म्हणाला, "मी पहाटेच परत येतो, झोपायच्या आधी येऊन जाईन." मी त्याचंही नाव लिहून घेतलं.

रविवार जवळ आला तसा मला स्वच्छतेचा ध्यास लागला. काकांना वास येऊ नये, पाकिटवाल्या बायकांनी नाक धरू नये, एवढंच डोक्यात. मी खराट्यानं फरशी घासली. गव्हाणी धुतल्या. भिंतींना चुना दिला. म्हशींची शिंगंसुद्धा खोबरेल लावून पुसली. बाबा म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?"

शनिवारी संध्याकाळच्या धारा झाल्यावर आई कंबरेचं औषध आणायला नामपल्लीला गेली. मी शेवटची नजर फिरवत होते. गोठ्यातल्या खुंटीवर एक जुनं नऊवारी लुगडं होतं. कधीकाळी हिरवं असावं. जागोजाग ठिगळं, त्यावर शेणाचे, पेंडीचे, सांडलेल्या दुधाचे डाग. धार काढताना आई ते अंगाभोवती गुंडाळून बसते हे मला माहीत होतं. मी आजवर समजत होते की साडी खराब होऊ नये म्हणून. एवढ्या स्वच्छ गोठ्यात ते फारच वाईट दिसत होतं.

मी ते गरम पाण्यात भिजवलं. पावडर टाकून दोनदा घासलं. मग माझ्या मैत्रिणीनं सांगितलेलं ते निळं, फुलांच्या वासाचं पाणी असतं ना, कपडे मऊ करायचं, त्यात बुडवलं. उन्हाळा होता, पंख्याखाली दोन तासांत वाळलं. घडी करून परत खुंटीवर ठेवलं. हिरवा रंग खरोखर दिसायला लागला होता. मी स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी उठून मी फाटक उघडलं तर बाहेर माणसं होती. टीचरअम्मा पितळी चरवी घेऊन सगळ्यांत पुढं. त्यांच्यामागं स्टीलचे डबे, गंज, एक कुकरचं भांडंही. रात्रपाळीचा मुलगा खांबाला टेकून उभा होता, डोळे मिटलेले. काका आधीच आले होते आणि इस्त्रीच्या पँटमध्ये म्हशींच्या मागं, जरा लांब उभे होते.

आईनं खुंटीवरून लुगडं काढलं आणि थांबली. नाकाशी धरलं.

"हे कुणी धुतलं?"

"मी," मी म्हणाले. "छान वास येतोय ना?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मग फाटकातल्या माणसांकडं. "येतोय खरा," एवढंच म्हणाली. लुगडं गुंडाळून घेतलं आणि कासंडी घेऊन म्होरक्या म्हशीखाली बसली.

म्होरकी म्हणजे आमची सगळ्यांत जुनी म्हैस, एक शिंग वाकडं असलेली. तिनं मान वळवली, हुंगलं, फुरफुरली आणि मागचे पाय सरकवत भिंतीला जाऊन चिकटली. आई सरकली, ती आणखी सरकली. आईनं पारडू सोडलं. पारडानं दोन-चार ढुशा दिल्या, कास भरून आली, आईनं पारडू ओढून सड हातात घेतले, आणि काही नाही. पान्हा चोरला. म्हैस दूध सोडायला आलेली असते आणि मनात आलं की तिथंच आवरून धरते, मग जगात कुणी काही करू शकत नाही. आई दुसऱ्या म्हशीकडं गेली. तिनं लाथच उचलली. तिसरी तर हंबरायला लागली, जणू तिच्या गोठ्यात कुणी परकी बाई शिरली होती.

सात वाजायला आले. एकाही गंजात थेंब नाही.

"क्या भाबी, आज भैंसां नाराज हैं क्या?" चाचांनी विचारलं.

"भैंसां का कुछ कुसूर नै," आई म्हणाली. "हमारी बेटी लुगडे को फुलां की खुशबू लगा दी."

सगळे माझ्याकडं वळले. मी खाली फरशीकडं बघितलं. फरशी फार स्वच्छ होती.

तेव्हा बाबांनी सगळ्यांना सांगितलं, आणि मीही ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आई लग्न होऊन आली तेव्हा म्हशी तिला आठ दिवस जवळ येऊ देईनात. आजीच्या हाताची सवय होती त्यांना. मग आजीनं अंगावरचं लुगडं सोडलं आणि आईला दिलं, हे गुंडाळून बस म्हणाली. दुसऱ्या मिनिटाला धार. तेव्हापासून ते धारेचं लुगडं. फाटलं तर ठिगळ लावायचं, पण साबण दाखवायचा नाही. आठवड्याला नुसत्या पाण्यातून काढायचं आणि गोठ्यातच वाळवायचं. "म्हशी आमच्या बायकोला ओळखत नाहीत," बाबा म्हणाले, "माझ्या आईला ओळखतात. मी पण तसाच होतो सुरुवातीला."

लोक हसले. आईसुद्धा. पण मी काकांकडं बघितलं तर ते घड्याळ बघत होते. मग फाटकातून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले होते तेच झालं होतं, आणि केलं होतं मी. मी आईजवळ जाऊन म्हणाले, "लोकांना जायला सांगू का?"

"तू काही सांगू नकोस आता," आई म्हणाली. "खूप केलंस."

पण कुणी जात नव्हतं. टीचरअम्मांनी एक बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या. चाचा म्हणाले, "दूध नै तो चाय कैकु रुके?" आणि हॉटेलातून मोठी किटली भरून बिनदुधाचा सुलेमानी चहा घेऊन आले, वर लिंबू पिळलेला. रात्रपाळीचा मुलगा चहा पिऊन जागा झाला आणि त्यानं पहिल्यांदाच म्हशींकडं नीट बघितलं. "ही एवढी मोठी असते?" म्हणाला. एका बाईंना कुठंतरी पोचायचं होतं, त्या गेल्या, पण आपला डबा रांगेत ठेवून गेल्या.

टीचरअम्मांनी आईला विचारलं, "साध्या पाण्यानं वास जाणार नाही का?"

"जाईल की. पण गेला तो वास आणायचा कुठून?"

"म्हशींच्या अंगावरून," टीचरअम्मा म्हणाल्या. शाळेत फळ्यावर उत्तर लिहावं तसं.

मग आमच्या अंगणात जे झालं ते मी प्रकल्पात लिहिलेलं नव्हतं. बायकांनी लुगडं नळाखाली घेतलं. एकदा, दोनदा, पाचदा खळबळलं, प्रत्येक वेळी कुणीतरी हुंगून "अजून आहे" म्हणायची. मग पिळायचं होतं. नऊ वार कापड, एकाला पिळवेना. एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला दोन बायका, मध्ये ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. फाटकापासून गव्हाणीपर्यंत माणसांची ओळ आणि मध्ये ताणलेलं हिरवं लुगडं. ते वाळावं म्हणून सगळे हलवत होते. वरच्या गॅलरीतली मुलगी जेवण सोडून टाळ्या वाजवायला लागली.

त्याच वेळी काका परत आले. क्षणभर बघत राहिले. मग चपला काढल्या, पँट दुमडली आणि गव्हाणीजवळचं टोक एका बाईंच्या हातातून घेतलं. "इकडून म्हशीवर टाका," म्हणाले. "आई असंच करायची. नवीन कापड असलं की आधी म्हशीच्या पाठीवर वाळवायची."

"तुला आठवतंय?" बाबांनी विचारलं.

"मीच धरून उभा राहायचो की."

ओलं लुगडं म्होरकीच्या पाठीवर पसरलं. मग दुसरीच्या, तिसरीच्या. मुलांनी दोन्ही बाजूंनी धरून आठही म्हशींच्या पाठीवरून, मानेखालून घासत नेलं. गवतात लोळवलं. आईनं आंबोणाची बादली आणली, भिजवलेली पेंड आणि कोंडा, गरम गरम, आणि पदराला दोन मुठी चोळल्या. लुगडं होतं त्यापेक्षाही घाण झालं. माझ्या डोळ्यांदेखत माझं सगळं काम वाया गेलं आणि मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

आई ते गुंडाळून पुन्हा म्होरकीखाली बसली. म्हशीनं मान वळवली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आम्ही सगळे, तीस-पस्तीस माणसं, चहाचे पेले हातात धरून उभे. मग तिनं मोठा श्वास सोडला, मान गव्हाणीत घातली आणि पाय सैल केले. कासंडीत पहिली धार वाजली.

चाचा म्हणाले, "माफ कर दी."

त्या दिवशी दूध कमीच निघालं. प्रत्येकाला थोडं थोडं मिळालं, टीचरअम्मांची चरवी अर्धी भरली. कुणी कुरकुरलं नाही. काका म्हशींमधून वाट काढत बाबांजवळ आले.

"दादा, मी मघाशी कोपऱ्यावर गेलो होतो," ते म्हणाले. "पाकिटाच्या दुकानात. अर्धा तास उभा होतो. तिथं आपल्या गल्लीतलं एकही माणूस आलं नाही."

बाबांनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं, जरा जास्त वेळ.

"पण दुसरं राहिलं," काका म्हणाले. "वहिनी, तुमच्यानंतर कोण?"

मी इकडं तिकडं बघितलं नाही. मला माहीत होतं की हे माझ्यावर येणार. पण आई काय म्हणेल हे कळत नव्हतं. इतकी वर्षं तिनं मला ज्या गोष्टीपासून लांब ठेवलं ती मागायची कशी?

आईनं म्हशीखालूनच मागं न बघता हात केला. "ये. ज्यानं धुतलं त्यानं बसावं."

"आई, कॉलेज..."

"कॉलेज दहाला आहे. म्हैस सहाला."

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. लुगडं नऊ वार होतं, तिनं अर्धं सोडून माझ्या खांद्यांवरून घेतलं. ओलसर, उबदार, आणि वास... तो मी सांगत बसत नाही. पाच वर्षांची असताना पारडाला मिठी मारली होती तोच वास. आईनं माझा हात धरून सडावर ठेवला. "ओढू नकोस. वरनं दाब, एकेक बोट. तुला घाई झालेली तिला कळते." मी दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा धार आली, पण वाकडी, कासंडीच्या वरून, सरळ काकांच्या दुमडलेल्या पँटवर.

"आली," काका म्हणाले. खिशातून रुमाल काढला आणि पुसायचं सोडून तसाच हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "दहा वर्षं मी माझ्या वाट्याला हात लावत नाही. मागचा गोठा झाडून घ्या. बिल्डरला सांगतो, आमच्या म्हशींना फुलांचा वास चालत नाही."

आता मागच्या गोठ्यात सतरंजी आहे, पुस्तकांचं एक कपाट आहे आणि भिंतीला पणजोबांच्या कासंड्या टांगल्या आहेत. मुलं तिथं अभ्यासाला येतात, मधूनच उठून म्हशींना पाला देतात. वैरणीच्या पाळ्यांचा कागद टीचरअम्मा करतात आणि चुकणाऱ्याला शाळेतल्यासारखं विचारतात. कधी एखादी पाळी चुकते, तेव्हा बाबा करतात आणि सांगत नाहीत. दारावर एक पाटी आहे, तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तीन ओळींत नियम लिहिलेले. मराठी ओळी माझ्या आहेत, थोड्या तिरक्या. पहिला नियम असा : लुगड्याला साबण लावू नये. बाहेरची माणसं वाचून बुचकळ्यात पडतात. गल्लीतल्या कुणीही त्यांना सगळी हकीकत सांगतं, प्रत्येक जण जरा वाढवून. परवा ऐकलं त्यात मी अत्तराची अख्खी बाटली ओतली होती.

सकाळच्या चार म्हशी आता माझ्या. आई उरलेल्या चार काढते आणि माझ्याकडं एक डोळा ठेवते. म्होरकी अजून मला पूर्ण मानत नाही, पण सोडते. मॅडमनी पुन्हा विचारलं तर सांगता येईल : एका म्हशीला मला वीस मिनिटं लागतात, आईला आठ.

कॉलेजला निघताना मी हात धुते, पण फुलांचा साबण आता वापरत नाही. दुसऱ्या दिवशी म्हशीला तो कळतो. नुसत्या पाण्यानं धुतले तर बसमध्ये मला माझाच वास येत राहायचा. कुणी नाक धरलं नाही, तरी मी हात मांडीखाली घेऊन बसायचे. आईला मी हे सांगितलं नव्हतं. परवा ती नामपल्लीहून औषध घेऊन आली, तेव्हा पिशवीत साबणाची एक वडी होती. दुकानदाराला तिनं चार वड्या हुंगून परत केल्या म्हणे. तो वैतागून म्हणाला, अम्मा, तुम्हाला नक्की हवंय काय?

पाचव्या वडीला कसलाच वास नव्हता. ती तिनं माझ्या हातावर ठेवली.